‘तुमी मनताल तसं’च्या पुढे : सहभागी निर्णय शिकवण्याच्या प्रकल्प नोंदी

५ ऑगस्ट २०२४

प्रकल्पाला मंजुरी मिळाली. बीएस्सी नर्सिंगच्या पाचव्या सत्रातले आणि एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षातले विद्यार्थी एका खोलीत बसवायचे आणि पेशंटसोबत मिळून निर्णय कसा घ्यायचा हे शिकवायचं. मी कम्युनिटी हेल्थ नर्सिंग शिकवते. जनवैद्यकशास्त्राचे सर जोडीला आहेत. आमची दोघांची नोकरी बहुतेक बीड जिल्ह्यातच गेली, त्यामुळे पेशंट कुठून येतात, कसे येतात आणि काय न बोलता परत जातात हे आम्हाला ठाऊक आहे.

एमबीबीएसला २०१९च्या तुकडीपासून वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा ‘ॲटकॉम’ अभ्यासक्रम आहे. नर्सिंगलाही संवादकौशल्य शिकवतात. पण दोघं दोन वेगळ्या इमारतींत शिकतात आणि वॉर्डात एकदम एका खाटेशी येऊन उभे राहतात. डॉक्टरांच्या टेबलासमोर पेशंट मान हलवतो. खरा निर्णय व्हरांड्यातल्या बाकावर होतो, रात्री वॉर्डात होतो, गावाकडं भावाला फोन लावून होतो. त्या वेळी जवळपास असते ती सिस्टर. डॉक्टरांनी काय सांगितलं आणि कोणते पर्याय ठेवले हेच तिला माहीत नसेल, तर ‘साहेबांना विचारा’ एवढंच ती म्हणू शकते. म्हणून या दोघांना एकत्र शिकवायचं. आमच्या प्रकल्पाचा सगळा भर यावर आहे.

१४ ऑगस्ट

कोलकात्यात महिला डॉक्टरवर बलात्कार करून खून झाला, त्या घटनेनंतर कालपासून निवासी डॉक्टरांचा राज्यव्यापी संप सुरू झाला आहे. पहिलं सत्र पुढे ढकललं. मुलींच्या मनात भीती आणि राग दोन्ही आहे. आज त्यांच्याशी त्याच विषयावर बोललो. तेच गरजेचं होतं.

संध्याकाळी सर आणि मी सरावाचा मुख्य प्रसंग कोणता घ्यायचा यावर बसलो. सरांना मधुमेह हवा होता, कारण पर्याय स्पष्ट आहेत आणि घाई नसते. मी गर्भपिशवीचा धरला. या जिल्ह्यात हा विषय सोडून निर्णयाबद्दल शिकवणं मला पटत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यात तपासणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यानंतर जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. परवानगीमुळे आळा बसतो, तो हवाच. पण त्या प्रत्येकीला दुसरा मार्ग आहे हे कोणी बसून सांगितलं होतं का, हा प्रश्न परवानगीच्या कागदाने सुटत नाही. तो आमच्या वर्गात सुटायला हवा.

सरांनी मान्य केलं. मधुमेह दुसरा प्रसंग.

२३ ऑगस्ट

पेशंटची भूमिका कोणी करायची? नाटकातली मुलं नकोत, असं आधीच ठरवलं होतं. तालुक्यातल्या आशाताईंना बोलावलं. त्यांच्या दिवसाचं मानधन प्रकल्पाच्या खर्चात धरलं आहे आणि जाण्यायेण्याचं भाडं वेगळं. विद्यार्थ्यांना शिकवायला येणाऱ्या बाईला चहावर पाठवणं बरोबर नाही.

प्रसंगाचा कच्चा मसुदा असा : ऊसतोड करणारी बाई, वय ३२, दोन लेकरं, नसबंदी झालेली. अंगावरून पांढरं जातं, पाळीत रक्त जास्त जातं. हिमोग्लोबिन ८.१. सोनोग्राफीत पिशवी किंचित मोठी, गाठ नाही. ‘पिशवी काढून टाका’ अशी तिची स्वतःचीच मागणी.

हा मसुदा आशाताईंपुढे ठेवला आणि यात जीव तुम्ही भरा, असं सांगितलं. पुढचा दीड तास मी फक्त लिहून घेत होते.

पहिली ताई म्हणाली, “मॅडम, ती पांढरं जातंय हे आधी बोलणारच न्हाई. कंबर दुखायलीय मनंल. बाप्या डॉक्टर असला तर तेबी हळू मनंल.”

दुसरीने उचलीचं, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांचं सांगितलं : “उचल घेतल्याली असती. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई बसली की खाडा पडतो, पैसे कापतेत. मग पाळीत दोन दिवस बसायचं कसं? पिशवी काढली की कटकट मिटली, आसं तिला कोपीवरच्या दुसऱ्या बाईनं सांगितल्यालं असतं.”

तिसरी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “फडात आडोसा नसतो. कापड बदलायला जागा न्हाई, धुवायला पाणी न्हाई. आजार तिथं हाय.”

चौथीने भीतीचं सांगितलं : “कुणीतरी मनल्यालं असतं, पिशवी खराब झालीय, कॅन्सर हुईल. ते डोक्यातून जात न्हाई. त्याच्यावर तुमी गोळ्या दिल्या तर ती मनती, ह्यांला माझा कॅन्सर दिसंना.”

हे सगळं मसुद्यात घेतलं, त्यांच्याच शब्दांत. यातली एकही गोष्ट केसपेपरवर येत नाही. खाडा, उचल, आडोसा, ऊसतोडीला निघायची तारीख यांना रकाना नाही. पण तिचा निर्णय यांवरच उभा आहे. हिमोग्लोबिनचा आकडा जितका महत्त्वाचा, तितकीच निघायची तारीख महत्त्वाची, हे मुलांना शिकवता आलं तर निम्मं काम झालं.

३ सप्टेंबर

परवापासून मराठवाडाभर अतिवृष्टी. परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या मुलांच्या घरी पाणी शिरलं आहे, काही जण अजून पोचलेले नाहीत. सत्र गौरी-गणपतीनंतर.

१९ सप्टेंबर

आज पहिला सराव.

सुरुवातीला सरांनी सहभागी निर्णयाचा थोडक्यात इतिहास सांगितला. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्षांच्या आयोगाने ही कल्पना मांडली. १९९७ मध्ये कॅनडातल्या चार्ल्स, गाफ्नी आणि व्हेलन यांनी तिची लक्षणं नेमकी केली : किमान दोघांचा सहभाग, दोन्हीकडून माहितीची देवाणघेवाण आणि शेवटी दोघांना मान्य होईल असा उपचार. २०१२ मध्ये ग्लिन एल्विन आणि सहकाऱ्यांनी संवादाचे तीन टप्पे मांडले, २०१७ मध्ये ते सुधारले. आम्ही फळ्यावर ते असे लिहिले : ‘आपण मिळून ठरवू’, ‘मार्ग कोणकोणते’, ‘तुमच्यासाठी कोणता’. एवढं सांगून सर थांबले, ते बरं झालं.

पहिली जोडी पुढे आली. एमबीबीएसचा मुलगा हुशार, वाचून आलेला. त्याने चार-पाच मिनिटांत सगळं सांगितलं : जंतुसंसर्गाचं हिरवं किट, लोहाच्या गोळ्या, पाळीत रक्त कमी करणारी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, हार्मोन सोडणारी गर्भाशयातली तांबी, शस्त्रक्रियेचे धोके, अंडाशय काढले तर होणारे हाडांचे आणि हृदयाचे त्रास. एकही चूक नाही. नर्सिंगची मुलगी बीपीचं यंत्र धरून शेजारी उभी होती, तिच्या वाट्याला एकही वाक्य आलं नाही. आशाताई पदर सावरत म्हणाल्या, “तुमी मनताल तसं, साहेब.” तो म्हणाला, “मग ऑपरेशनची गरज नाही. गोळ्या सुरू करू.” ताईंनी मान हलवली.

खोलीत समाधान पसरलं. नको असलेली शस्त्रक्रिया टळली होती. मग सरांनी ताईंना भूमिका न सोडता विचारलं, बाहेर पडल्यावर काय कराल?

ताई म्हणाल्या, “दुसऱ्या दवाखान्यात जाईन. तिथं काढतेत. दिवाळीच्या आत झालं पायजे.”

मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मी यावर जास्त बोलले नाही. योग्य सल्ला दिला तरी तो रुग्णालयाच्या फाटकापर्यंतच टिकला, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मी फक्त विचारलं : दिवाळीच्या आत का, हे कोणाला माहीत आहे? माजलगावकडच्या एका मुलीने हात वर केला. तिच्या घरचेच दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. तिने बोलायला सुरुवात केली आणि वर्गातली शहरातली मुलं पहिल्यांदाच हे ऐकत होती. पुढच्या तासाची शिक्षिका तीच होती.

दुसऱ्या फेरीत आम्ही एकच बदल केला. पहिला प्रश्न नर्सिंगच्या विद्यार्थ्याने विचारायचा आणि उत्तर संपेपर्यंत दोघांनीही बोलायचं नाही. त्या मुलीने खुर्ची ताईंच्या जवळ ओढली. “ताई, या सगळ्यात तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?” मग शांतता. डॉक्टर होणारा मुलगा तोंड उघडायला गेला, तिने टेबलाखालून हात दाखवून थांबवलं. ताई म्हणाल्या, “कॅन्सरची.” आणि थोड्या वेळाने, “आन् खाड्याची.”

यानंतर संवादाची दिशाच बदलली. कॅन्सरच्या भीतीला उत्तर देता येतं. तिशीपुढच्या बायकांसाठी गर्भाशयाच्या तोंडाची व्हीआयए तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमातच आहे. ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभरात बघता येतं. खाड्याबद्दल तिच्याशी हिशेब मांडता येतो. शस्त्रक्रिया केली तर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे उसाची मोळी डोक्यावर घ्यायची नाही. दुसरीकडे, निघायला अजून दीड महिना आहे. तेवढ्यात संसर्गाचा उपचार पूर्ण होतो, लोहाच्या गोळ्यांनी अंगात ताकद यायला लागते आणि पाळीतली गोळी करून बघता येते. तिने रक्तस्राव निम्म्याच्या आसपास कमी होऊ शकतो. निघण्याआधी पुन्हा भेटून ठरवायचं. ताई स्वतःच म्हणाल्या, “मंग आधी ते बघू.”

सल्ला पहिल्या फेरीतलाच होता. पण आता तो तिचाही होता.

२४ सप्टेंबर

आकड्यांचा तास. धोका सांगताना टक्केवारी वापरायची नाही, ‘शंभर बायकांपैकी’ असं बोलायचं. आणि दोन्ही बाजू सांगायच्या. नसबंदी झालेल्या हजार बायकांपैकी पहिल्या वर्षात साधारण ५ जणींना दिवस राहू शकतात आणि ९९५ जणींना राहत नाहीत. फक्त पहिला भाग सांगितला की बाई घाबरते, फक्त दुसरा सांगितला तर पुढे दिवस राहिल्यावर फसवल्यासारखं वाटतं.

सरांनी फळ्यावर एक काल्पनिक उदाहरण मांडलं. एका औषधाने हजारातल्या २ जणांचा धोका १ वर आला. ‘धोका निम्मा झाला’ हे खरं. ‘हजारात एकाला फायदा’ हेही खरं. कोणतं वाक्य ऐकून तुम्ही औषध घ्याल? अर्ध्याहून जास्त हात पहिल्याला वर गेले. भावी डॉक्टरांचे हात असे हलतात, तर अक्षरओळख नसलेल्या माणसासमोर आपण कोणतं वाक्य निवडतो याला किती वजन आहे, यावर बराच वेळ बोलणं झालं.

शंभर ठिपक्यांचा कागदही करून बघितला. आशाताईंना तो आवडला नाही. त्यांनी ज्वारीचे शंभर दाणे मागवले आणि त्यातला एक बाजूला ठेवला. आता तेच करतो.

१ ऑक्टोबर

काही मुलांचा उत्साह इतका वाढला की प्रत्येक गोष्टीत पर्याय मांडायला लागली. म्हणून आजचा तास हद्द कुठे आहे यावर घेतला.

शेतात घोणस चावली आहे. वीस मिनिटं काचेच्या नळीत ठेवलेलं रक्त गोठलेलं नाही, म्हणजे विष भिनलं आहे. इथे ‘आपण मिळून ठरवू’ म्हणत बसायचं नाही. सर्पदंशावरचं प्रतिविष सुरू करायचं आणि करताकरता पेशंटला आणि नातेवाइकांना काय चाललंय ते सांगत राहायचं. बाळंतपणानंतर रक्त वाहतंय तेव्हाही तसंच. सांगणं कधीच सुटत नाही, पण पर्यायांची चर्चा थांबते.

क्षयरोगावर वाद रंगला. औषध घ्यायचं की नाही हा समान पर्याय म्हणून मांडायचा का? एका मुलाचं म्हणणं, पेशंटला नाही म्हणायचा अधिकार आहे, म्हणून मांडायचा. नर्सिंगची एक मुलगी म्हणाली, “अधिकार आहे, पण दोन्ही वाटा सारख्याच चांगल्या आहेत असं मी म्हणाले तर मी खोटं बोलते.” मला तिचं पटलं आणि ते मी तसंच सांगितलं. सहा महिन्यांचा उपचार हाच रस्ता आहे हे स्पष्ट सांगायचं. मग गोळ्या कोणाच्या नजरेसमोर घ्यायच्या, कोणत्या वेळी, कामाच्या गावी कुठून मिळवायच्या, घरात कोणाला सांगायचं, या सगळ्यात भरपूर निर्णय आहेत आणि ते पेशंटसोबतच घ्यायचे. उपचार सुटतो तो इथेच.

संमतीपत्रावरची सही आणि सहभागी निर्णय एक नव्हे, हेही आजच घेतलं. सही शेवटी येते. बोलणं झालंच नसेल तर सहीने ते भरून निघत नाही.

८ ऑक्टोबर

नातेवाईक. नवरात्र चालू आहे, निम्म्या मुलींचे उपवास, त्यामुळे तास सकाळी घेतला.

समिरा कोहली यांचा खटला शिकवला. दिल्लीतल्या ४४ वर्षांच्या अविवाहित बाई, दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिलेली. त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला. पेशंट सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे आणि जिवावर बेतलेलं नाही, मग आईची संमती चालत नाही. तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही. नुकसानभरपाई २५,००० रुपये ठरली. मुलांना ती रक्कम फारच कमी वाटली. मलाही वाटते.

मग त्यांना विचारलं, आपल्याकडे बाईच्या शस्त्रक्रियेआधी सही कोणाची शोधतात? सगळ्यांना उत्तर माहीत होतं. नवरा गावाला गेलाय म्हणून थांबलेली बाई प्रत्येकाने पाहिली आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी आहे, हे वाक्य प्रत्येकाला वहीत लिहायला लावलं.

पण कायदा सांगून विषय संपवला तर आपल्या भागातलं घर आपल्याला कळलं नाही असं होईल. शस्त्रक्रियेनंतर लेकरं कोण सांभाळणार, भाकरी कोण थापणार, पैसे कोण उभे करणार, हे सासू, नवरा आणि भाऊच ठरवतात. त्यांना दारातून परत पाठवलं तर ते घरी जाऊन निर्णय फिरवतात. मुलांनी एक क्रम ठरवला : आधी बाईशी एकटीशी बोलायचं, तिने घरच्यांना काय सांगायला हरकत नाही ते विचारायचं, मग तिच्यासमोर सगळ्यांशी बोलायचं. एकटीशी बोलायचं कसं, यावर नर्सिंगच्या मुलींकडे आधीपासून उत्तर होतं. बीपी बघायला, वजन करायला पडद्याआड न्यायचं. तिथे कोणी मागून येत नाही.

१६ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा प्रत्यक्ष वॉर्डात. प्रसूतीपश्चात कक्ष, विषय पाळणा लांबवणं. प्रत्येक बाईची परवानगी घेतली, ओळख पटेल असं काही लिहायचं नाही असं ठरलेलं आहे.

मुलांनी पर्यायांचं एक कार्ड केलं आहे. चित्रं मोठी, अक्षरं कमी. तांबी, ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळी, निरोध, बाईची नसबंदी, पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी. शेवटचं चित्र ठेवायचं की नाही यावर मुलांमध्ये कुजबुज झाली, कोणी ऐकून घेणार नाही म्हणून. ठेवलं. कोणी निवडेल की नाही हे आपण आधीच ठरवून चित्र गाळलं तर तो निर्णय आपणच घेतला.

प्रत्येक चित्राखाली वेळ लिहिली आहे, कारण बायका पहिला प्रश्न तोच विचारतात. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, नाहीतर सहा आठवड्यांनी. अंगावर पाजणाऱ्या आईला ‘अंतरा’ सहा आठवड्यांनंतर, मग दर तीन महिन्यांनी. ‘छाया’ लगेच चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा.

एका खाटेशी पहिलटकरीण, शेजारी सासू. विद्यार्थिनीने कार्ड पुढे धरलं, सासूबाईंनी ते हातातून घेतलं आणि म्हणाल्या, “हिला काय इचारता, आमाला सांगा.” विद्यार्थिनी अजिबात गडबडली नाही. “आत्याबाई, तुम्हालाही सांगते, तुम्हीच तर सांभाळणार आहात,” म्हणत तिने दुसरं कार्ड काढून सुनेच्या हातात दिलं आणि एकेक चित्र दोघींना दाखवलं. ‘अंतरा’ने पाळी अनियमित होते किंवा थांबते हेही लपवलं नाही. नंतर टाके बघायच्या निमित्ताने पडदा ओढला आणि सुनेला विचारलं. तिला तीन वर्षं दुसरं लेकरू नको होतं आणि तांबीची भीती होती, कारण तांबी ‘वर काळजात जाते’ असं ऐकलेलं. एमबीबीएसच्या मुलीने गर्भाशयाचं चित्र काढून, ती त्या पिशवीतच कशी राहते ते दाखवलं. क्वचित ती निघून येऊ शकते, तेव्हा काय करायचं, हेही सांगितलं. मग सुनेलाच विचारलं, आता तुम्ही मला सांगा, मी काय म्हणाले ते. तिने सांगितलं, एक गोष्ट सुटली, ती पुन्हा समजावली.

त्या दिवशी तिने काहीच ठरवलं नाही. ‘ह्यांना विचारते’ म्हणाली. विद्यार्थिनी जरा हिरमुसली. मला तो संवाद आजच्या दिवसातला सगळ्यात चांगला वाटला. ४८ तासांतले अजून बरेच तास हातात होते, रात्रपाळीच्या सिस्टरला कार्ड आणि झालेलं बोलणं दोन्ही सोपवलं. डॉक्टर बदलले, ड्यूटी बदलली, तरी संवाद तुटला नाही.

एक गोष्ट मात्र आज फार टोचली. हे बोलणं प्रसूतीनंतर सुरू होणं हाच उशीर आहे. कळा येत असताना विचारलेल्या प्रश्नाच्या ‘हो’ला काही अर्थ नसतो. गरोदरपणातल्या तपासण्यांच्या वेळी हे कार्ड पोचलं पाहिजे. आशाताईंना आजच छायाप्रती दिल्या.

२५ ऑक्टोबर

परीक्षा. दोघांची जोडी, एक प्रसंग, दहा मिनिटं. निरीक्षकांसाठी ‘ऑप्शन-५’ ही मोजपट्टी वापरली. तिच्यात पाच मुद्दे, प्रत्येकी ० ते ४ गुण : एकापेक्षा जास्त मार्ग आहेत हे सांगितलं का, ठरवताना सोबत राहू असा आधार दिला का, मार्गांची माहिती दिली का, पेशंटला काय हवंय ते विचारलं का, आणि ते निर्णयात धरलं का. शिवाय पेशंट झालेल्या आशाताईंनी ‘कोलॅबोरेट’ या पेशंटने भरायच्या मोजपट्टीचे तीन प्रश्न वापरून प्रत्येक प्रश्नाला ० ते ९ गुण दिले : आजार समजावून सांगायला किती प्रयत्न केला, तुम्हाला जे महत्त्वाचं ते ऐकायला किती, आणि पुढचं ठरवताना ते धरायला किती.

एका जोडीला निरीक्षकांनी भरपूर गुण दिले आणि ताईंनी कमी. कारण विचारल्यावर ताई म्हणाल्या, “समदं इचारलं त्यांनी. पण कागदाकडं बघून इचारलं.” सरांनी ते वाक्य गुणपत्रिकेवर तसंच लिहिलं. दोन्ही गुणांना सारखं वजन द्यायचं ठरलं.

मुलांची सगळ्यात मोठी अडचण अजूनही ‘तुमी मनताल तसं’ हीच आहे. पेशंट मनापासून विश्वास टाकतोय, त्याला ‘नाही, तुम्हीच ठरवा’ म्हणणं हे त्याला सोडून देणं आहे. त्यावर मुलांनी मिळून एक उत्तर घडवलं : “मी माझं मत सांगणारच आहे, ताई. पण आधी तुमचं काम, तुमचं घर मला कळू द्या, म्हणजे ते मत तुमच्या उपयोगी पडेल.” हे ऐकून घेतल्यावरही पेशंट म्हणाला की तुम्हीच ठरवा, तर ठरवायचं आणि कशावरून ठरवलं ते सांगायचं.

११ नोव्हेंबर

दिवाळी झाली. तांड्यावर आणि वस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरताहेत. कारखान्यांचा हंगाम १५ तारखेपासून, त्यामुळे निघण्याआधीच्या आरोग्य तपासणीला विद्यार्थ्यांना नेलं.

पन्नाशीचे एक काका, दहा-बारा वर्षांचा मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या दोन्ही गोळ्या घेऊनही साखर जास्त. लघवीत किटोन नाहीत, वजन उतरलेलं नाही, म्हणजे विचार करायला अवकाश होता. एमबीबीएसच्या मुलाने इन्सुलिनचा पर्याय मांडला. फ्रीज नसला तरी बाटली मातीच्या माठात ठेवता येते, हेही सांगितलं. काका ऐकत होते. नर्सिंगच्या मुलाने विचारलं, “काका, फडात कितीला उतरता? पहिली भाकर कधी?” पहाटे चारला कोयता चालू होतो, भाकर नऊ-साडेनऊला. आणि उपाशीपोटी साखर फार उतरवू शकणारी ग्लिमेपिराइडची गोळी ते उठल्याबरोबर, काही न खाता घेत होते. गेल्या हंगामात दोनदा घाम फुटून सरीत बसले होते. ‘उन्हानं झालं असंल’ म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं.

हे कळल्यावर सरांनी काकांसमोरच सगळं पुन्हा मांडलं. ग्लिमेपिराइड भाकरीच्या वेळेला नेली, मेटफॉर्मिन वाढवलं, खिशात गूळ ठेवायचा. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात पंधरा दिवसांनी आणि महिन्याने साखर बघायची. तहान-लघवी वाढली किंवा वजन उतरायला लागलं तर इन्सुलिनला थांबायचं नाही. काकांनी हे मान्य केलं. काकूंनी माठाचं पुन्हा विचारून घेतलं, लागलं तर माहीत असावं म्हणून.

मुलांनी तिथेच एक चिठ्ठी तयार केली : कोणते मार्ग बोललो, कोणता ठरला, का ठरला, पुन्हा कधी विचार करायचा. सांगली-कोल्हापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या डॉक्टरांच्या हाती हा कागद पडला तर त्यांना ‘का’ हे कळेल. आजवरच्या केसपेपरांवर औषधाचं नाव असायचं, ‘का’ कधीच नसायचं. जानेवारीच्या तुकडीपासून ही चिठ्ठी दोन्ही अभ्यासक्रमांच्या लॉगबुकात घेत आहोत आणि तिच्यावर डॉक्टर आणि सिस्टर दोघांची सही असेल. कर्नाटकात जाणाऱ्यांसाठी कन्नड प्रत लागेल, ती सीमाभागातल्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यायची आहे.

प्रसंगांचे मसुदे आणि पाळणा लांबवण्याचं कार्ड इतर महाविद्यालयांनी जरूर वापरावं. वापरण्याआधी आपापल्या तालुक्यातल्या आशाताईंसमोर ठेवावं. जालन्याकडची बाई आमच्या बाईसारखं बोलणार नाही, आणि तिचा खाडाही वेगळा असेल.